पिकणं

कंपाउंडर हाक मारतो,
ठमाबाई जोमा म्हात्रे, करावे गाव.
जोमाला जाऊन अकरा वर्षं झाली,
कागदावर अजून माझ्यासोबत रांगेत बसतो.

मशीनला हनुवटी टेकली.
डॉक्टरीण पोरसवदाच. डोळ्यात उजेडाची चीर घालून म्हणाली,
आजी, मधला गाभा गुळासारखा झालाय,
आणि कडेनं पांढऱ्या आऱ्या, बैलगाडीच्या चाकाला असतात तशा.
बैलगाडी हिनं कुठं बघितली,
नेरुळच्या सेक्टरात?

साखर आहे?
नाय.
तंबाखू?
मशेरी. चिमूटभर.
चाळीस वर्षं चिमूटभर.
डोळ्याला कधी मार लागलाय?
फळीचा दांडा लागलेला एकदा, पण भुवईला,
जोमाच्या हातून, चुकून.
उन्हात काम?

बाय माझे, मी मीठ पिकवलं.

भरतीचं पाणी उघाडीतनं आत घ्यायचं,
कोंडीत कोंडायचं,
मग सूर्याला सांगायचं, आता तू बघ.
वरून ऊन, खालून ऊन.
डोक्यावर भरली पाटी, पायाखाली वीतभर बांध,
डोळे मिटून कसं चालायचं?
पदर पुढं ओढायला
तिसरा हात लागला असता.

आधी पाणी स्वच्छ. मग जड.
मग कडेनं साय धरते.
मोतीबिंदूही असाच पिकतो, असं गावात सगळे म्हणायचे,
म्हणून मी पिकायची वाट बघत बसले.
आता नाही थांबत आजी, ती म्हणाली,
अडायला लागलं की काढतात.
म्हणजे दोन वर्षं
मी फुकट चाचपडले.

मधे एका शिमग्याला चष्माच नको झालेला.
सुईत दोरा पहिल्या फटक्यात!
गावदेवीला नारळ फोडला.
डॉक्टरीण हसली, ती देवी नव्हती आजी, तोच होता.
गाभा घट्ट होताना थोडे दिवस जवळचं नीट दिसतं.
सावकाराची रीत,
आधी हातावर चार पैसे.

बाकावर शेजारी एक पोरगा,
मिसरूड नुकतं काळं झालेलं.
याला कसला मोतीबिंदू?
लहानपणापासून दम्याच्या गोळ्या,
दुकानदारानं द्यायच्या, यानं खायच्या.
समोरून गाडी आली की दिव्याचं फूल होतं म्हणाला,
फुलात रस्ता दिसत नाय.
त्याचं मागच्या बाजूला धरलंय. माझं मधे आणि कडेला.
मी त्याला पिशवीतली चिक्की दिली.

काल पट्टी निघाली.
सुनेची राखाडी साडी निळी आहे.
निळी! किती वर्षं नेसतेय ही.

संध्याकाळी गच्चीवर गेले,
एक डोळा झाकायचा, मग दुसरा.
नव्या डोळ्यानं, जिथं आमचं आगर होतं तिथं टॉवर,
अठराव्या मजल्यावर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा.
जुन्या डोळ्यानं
पांढरं.
मार्चातल्या दुपारचं असतं तसं,
आणि त्यात कुणीतरी वाकून
फळी ओढतंय.

सून विचारते, दुसऱ्याची तारीख कधीची घेऊ?
सांगते, म्हटलं.