पहिली मूठ

खणभागात माझा डंक आहे.
चैत लागला की सकाळी सातपासून रांग.
घमेल्यांत संकेश्वरी, पिशव्यांत ब्याडगी,
डब्यांत तळलेला कांदा, लसूण, खोबरं,
आणि फडक्यात बांधलेले भाजके धणे, अजून कोमट.
मिरचीला सगळे शिंकतात.
धण्याला कुणी शिंकत नाही,
म्हणून तो कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

त्रिशला मगदूम रांग संपल्यावर येते.
"दस्तगीरभाऊ, आधी खळ पुसून घ्या."
तिच्या मसाल्यात कांदा नाही, लसूण नाही,
आणि माझ्या उखळात सकाळपासून
आक्काताई सुतारांचा लसूण मुरत बसलेला.
फडक्यानं लोखंड पुसतं, वास पुसत नाही.
त्यासाठी ती मूठभर कच्चे धणे
वेगळ्या पुडीत आणते.
ते टाकायचे, मुसळाचे चार ठोके द्यायचे,
वास पिऊन झाला की काढून फेकायचे.
मग ते ना तिच्या घरचे, ना माझ्या.
सतरा वर्षं मी ती मूठ
पत्र्याच्या वळचणीला भिरकावतोय,
तिथं फरशी होती.

यंदा महापालिकेनं गटार उकरलं
आणि माती तशीच टाकून माणसं जेवायला गेली,
ती अजून जेवतायत.

ज्येष्ठ सरता सरता तिथं गवतासारखं काही आलं.
दोन लांबट पानं, मुकी.
मी उपटणारच होतो.
मग तिसरं पान आलं, कातरलेलं,
बोटांत चुरडलं आणि कळलं.

माझा मेव्हणा तासगावकडं भाजी करतो.
हसला फोनवर.
म्हणाला, धणा पेरायच्या आधी चपलेखाली रगडायचा असतो,
अख्खा टाकला तर आळस करतो,
फाकला की एकातले दोघं उठतात.
म्हणजे सतरा वर्षं माझा डंक
बियाणं तयार करत होता
आणि मला वाटायचं, मी कचरा फेकतोय.

मग काय, गल्ली आलीच.
"दोन काड्या द्या हो, आमटीवर टाकायला."
कोथिंबीर विकत मागायची कुणाला सवयच नाही,
मंडईतसुद्धा ती भाजीवर वरून पडायची वस्तू.
तीच पिकून वाळून धणा झाली
की काट्यावर चढते, आणि मग
शंभर ग्रॅमसाठी घासाघीस.
तरणेपणी फुकट, म्हातारपणी तोलून:
माणसाचं नेमकं उलटं असतं,
असं मी आक्काताईंना म्हणालो,
त्या म्हणाल्या, मापात पाप नको, नीट जोखा.

आषाढात त्रिशला त्या वाटेनं गेली.
थांबली. वाकली नाही, हात लावला नाही.
"माझे?"
"तुमचेच म्हणायचे. लसूण प्यालेले."
सतरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर हसली.
"चार महिने मला पालेभाजी बंद," म्हणाली,
आणि तरीही थोडी उभी राहिली,
वारा तिच्या बाजूला होता.

त्या दिवसापासून खांबाजवळची वीतभर जागा
मी कुणाला तोडू दिली नाही.
पानं बारीक होत बडीशेपेसारखी झाली,
श्रावणात पांढरी फुलं आली,
इतकी बारीक की गल्लीला दिसलीच नाहीत.
मग हिरवे धणे. एक दातांखाली धरला:
अर्धा पाला, अर्धा मसाला,
काय व्हायचं ते अजून ठरवायचं होतं त्याला.

भादव्यात वाळले. खुडून
विजेच्या मीटरवर पुडीत ठेवले, एक मूठ, जेमतेम.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मग ती आली,
पाव किलोच काम, पुडी नेहमीची.
खळ पुसून दिली, चार ठोके.
मग मीटरवरची पुडी मी उखळात रिकामी केली
आणि बटण दाबून लगेच सोडलं.
दोनच ठोके.
"आता हे कशाला?"
"हे खळ पुसायला नाही," मी म्हणालो.

तिनं वळचणीकडं पाहिलं.
तिथं आता नवी फरशी बसवलेली होती.
मी पुडी पुन्हा बांधली आणि तिला दिली.
तिनं ती मसाल्याच्या डब्यात टाकली नाही,
हातातच धरून घेऊन गेली.