निचरा

पहिल्या दिवशी गुनवोरने एक चपटी लादी हातात दिली,
पुठ्ठ्याइतकी हलकी, तपकिरी.
म्हणाली, हुंगून बघ.
मी हुंगलं आणि काही बोलले नाही.
आमच्या अंगणात, बेन त्रेला,
आई लोखंडी सुळ्यावर नारळ आपटायची,
तीन हिसक्यांत सोडण मोकळं.
सोडणांचे ढीग होडीतून जायचे.
कुठे, हे आम्ही कधी विचारलं नाही.

इथे, तर.
नार्पेस, फिनलंड. जानेवारी.
बाहेर उणे एकोणीस, दुपारी साडेतीनला अंधार,
आत टोमॅटो,
आणि त्यांच्या मुळांखाली
कुणाच्या तरी अंगणातला काथ्या.
(वेष्टनावर श्रीलंका लिहिलेलं होतं. मला चालतं.)

गुनवोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची. काचघर आता मुलाच्या नावावर,
पाणी मात्र अजून तिचंच.
लादी फुगली म्हणजे तयार झाली असं नाही, ती म्हणायची.
काथ्या समुद्र विसरत नाही.
त्याने सोडियम धरून ठेवलेलं असतं,
पोटॅशियम धरून ठेवलेलं असतं,
आणि मूठ उघडायला नुसतं पाणी पुरत नाही.
तिच्यात दुसरं काही ठेवावं लागतं.
कॅल्शियम. रात्रभर.
मग तो जुनं सोडतो. सगळं नाही, पुरेसं.

लागण झाली की कोरं पाणी बंद.
प्रत्येक घोटात जेवण, पण पातळ,
आजाऱ्याला पेज देतात तसं,
उन्हाळ्यात दिवसातून पंचवीस वेळासुद्धा.
वरून सुकलेलं दिसलं तर फसायचं नाही.
बोट खुपसायचं.
लादीचं एक टोक उचलून वजन बघायचं.
(पोर जेवलंय की नाही ते कडेवर घेताच कळतं,
असं मला म्हणायचं होतं,
पण तेवढं स्वीडिश तेव्हा येत नव्हतं.)

निचऱ्याचं मात्र पटायचं नाही.
दहा घोट पाजायचे
आणि त्यातले दोन-तीन खालून वाहू द्यायचे?
माझ्या घरी भाताचं धुवणही झाडाला जातं.
मी गुपचूप पाळ्या आखडत्या घेतल्या, सहा दिवस,
सातव्या ओळीत,
आणि मनातल्या मनात वाचलेले लिटर मोजले.
पानांच्या कडा करपल्या.

गुनवोर ओरडली नाही.
पन्हळीतलं पाणी चहाच्या कपात धरलं, मीटर बुडवला.
दिलं होतं तीन. आलं होतं आठ.
म्हणाली, तू काय दिलंस ते मला ठाऊक आहे,
मीच तर कालवलं होतं.
बाहेर काय येतंय ते बघ.
कप विसळला, आणि त्याच कपात
मला कॉफी दिली.

मार्चमध्ये आईचा फोन.
या वर्षी खारं पाणी नदीतून लवकर वर चढलंय.
गोडं पाणी पिंपाने विकत,
आणि नारळ गळताहेत, हे एवढे एवढे,
तिने दाखवलं असावं, कॅमेरा छताकडे होता.
मग म्हणाली,
न्यान, तू तिकडे मीठ काढतेस ना?
कसं काढतात?

मी सातव्या ओळीत उभी.
डोक्यावर सोडियमचे दिवे,
म्हणजे उजेडसुद्धा त्याचाच.
म्हटलं, लादीतून काढतात, आई.
लादीला खाली चिरा असतात.
ती गप्प.
पलीकडे कुणाची तरी होडी गेली, इंजिन फटफटत,
ती पार लांब जाईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.

मग तिने विचारलं, जेवलीस का.
हो म्हटलं.
पाळी सुरू झाली होती, नळ्या टिपकू लागल्या होत्या.
फोन खांद्याने कानाशी दाबून
मी कप पन्हळीखाली धरला.