फुग्यात मावेल एवढं

चित्रं अकील काढायचा.
मी फक्त फुग्यातलं लिहायचो,
अकरा शब्द, फार तर बारा.
तेरावा आला की फुगा डोक्याला लागतो, म्हणायचा तो,
फैजपूरच्या पेंटरचा पोरगा,
केळीच्या ट्रकांमागे 'पुन्हा भेटू' रंगवून
हात बसलेला.

भुसावळात पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर
सहा कॉम्प्युटरचा कॅफे होता.
तासाला पंधरा रुपये. कीबोर्डच्या फटींत ज्वारीचं पीठ.
तिथे आम्ही रोज संध्याकाळी मरायचो
वीस-पंचवीसदा,
आणि पुन्हा जन्मायचो
खिशात सुटे असेपर्यंत.

तिथेच झाला आमचा भागवत.
गिरणीवाल्याचंच नाव दिलं त्याला.
बुटका, चिलखत ढगळ, तलवार उसनी.
आठवड्याला दोन भाग, भागाला तीन चौकटी:
पहिलीत भागवत शेवटच्या राक्षसाच्या दारात,
दुसरीत तलवार उगारलेली,
तिसरी काळी.
काळ्यावर पांढऱ्यात मी एक ओळ लिहायचो
आणि लोक हसायचे,
त्यांच्याकडचीही तेव्हाच गेलेली असायची.
गच्चीवरून दीपनगरची धुराडी दिसत.
तिकडे वीज तयार होत होती,
इकडे मी मेणबत्तीशी पुढचा भाग.

वडील लोको शेडला फिटर.
एकदा सगळे भाग वाचले त्यांनी, चष्मा लावून, एका बैठकीत.
मग म्हणाले, बरं आहे,
पण याला ओढतं कोण?

सावद्याला मुलगी बघायला गेलो.
मामांनी विचारलं, काय करता?
वडील म्हणाले, सेतू केंद्रात असतो.
मी म्हणालो, फुग्यात लिहितो.
मामांनी बशी खाली ठेवली.
लग्नाला वर्ष झाल्यावर हेमलता म्हणाली,
मला वाटलेलं, वाढदिवसाच्या फुग्यांवर नावं घालता तुम्ही.
आणि तरी हो म्हणालीस?
तरी.

शंभर टी-शर्ट छापले. एकेचाळीस गेले.
उरलेल्यांतला भागवत अजून
दर दिवाळीला आमची फरशी पुसतो.
एका रोपं विकणाऱ्या कंपनीने सांगितलं,
तलवारीच्या जागी केळं द्या.
दिलं.
सहा हजार आले, तीन-तीन वाटून घेतले,
दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

मग भारनियमन संपलं.
गावाला आनंद झाला, मलाही, पंखा फिरत होता.
रात्री लिहायला बसलो
तर तिसऱ्या चौकटीत काय घालायचं कळेना.
उजेडात कोण हसतं?

अकील पुण्याला गेला, गेमच्याच कंपनीत.
तिथे तो पानं काढतो.
फक्त पानं,
ज्या झाडांखालून खेळणारा न थांबता पळत जातो
त्या झाडांची.
पगार चांगला आहे. मान दुखते म्हणतो.

एका रात्री त्याचं चित्र आलं, न सांगता.
तिन्ही चौकटी उजेडातल्या.
तिसरीत भागवत आणि राक्षस समोरासमोर,
आणि फुगा राक्षसाच्या डोक्यावर,
रिकामा.
आठशे चौदा भागांत
राक्षसाला बोलायला दिलंच नव्हतं मी.

नऊ दिवस बसलो.
तलवारीची वाक्यं लिहिली, शापाची लिहिली,
सगळी मावत होती, एकही बसत नव्हतं.
दहाव्या दिवशी आई ओट्यावर कुणाला तरी दटावत होती
तिच्या पारोळ्याच्या अहिराणीत,
ते ऐकून लिहिलं:
'इतला दिन कथा व्हता रे भो? बठ.'

अकीलने फोन केला. काही बोलला नाही.
मागे त्याचं ऑफिस ऐकू येत होतं.

परवा केंद्रात एक पोरगा आला, जातीच्या दाखल्यासाठी.
टेबलावरचं नाव वाचून थबकला.
भागवतवाले तुम्हीच का?
मग पुढे काय झालं? कोण मेलं?
सर्व्हर डाऊन होता.
मी खुर्ची सरकवली,
म्हटलं, बस. वेळ लागेल.