बोरोनिया, दोन मिलिलिटर

सिग्नेटच्या टाऊन हॉलमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी,
थर्झा कल्बर्टसन टेबल मांडते,
जॅमवाला आणि लोकरीचे मोजे विणणारी यांच्या मधोमध.
करंगळीच्या पेराएवढ्या तपकिरी कुप्या,
चिठ्ठ्यांवर मुंग्या चालल्यासारखं अक्षर.
मी तीन उचलते. परवडतात दोन.

'होडीघर, पहाट'.
ह्यूऑन पाइन, डांबर, दोरखंड, असं थर्झा म्हणते.
मला आला पेन्सिलीला टोक काढल्याचा वास
आणि शाळेत पुढच्या बाकावर बसून
पेन्सिली चघळणारा एक मुलगा.
नाव आठवेना. मान आठवली.

'जुलैची राख'.
पहिल्यांदा हुंगली तेव्हा ओलं कुत्रं,
तेही माफी मागत आत आलेलं.
पैसे वाया, म्हटलं, आणि तशीच झोपले.
पहाटे उशीला शेकोटीची ऊब होती,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.
दुसरी कुपी घ्यायला गेले तर संपली होती.

लॅव्हेंडर नको. लॅव्हेंडर बसमधून उतरणाऱ्यांसाठी.

मी डोव्हरला अ‍ॅबलोनी साफ करते, चौदा वर्षं.
शिंपल्यातून मांस सोडवायचं, घासायचं, बर्फात रचायचं.
लिंबू झालं, कॉफीचा चोथा झाला,
स्टीलचा चमचा नळाखाली चोळून झाला;
नखांच्या मुळाशी तो हिंवस, लोखंडी वास
भाडेकरूसारखा बसलाय, हलत नाही.
म्हणून मी अत्तर मनगटाला लावत नाही.
कोपराच्या आतल्या घडीत लावते,
तिथवर मासा पोचत नाही.
पाळी सुटली की गाडीत बसून
बाही वर सारते आणि नाक खुपसते.
मुकादम लॅकलन काचेवर टकटक करतो,
त्याला वाटतं मी रडतेय.

मग बोरोनिया.
बाहेरून तपकिरी, आतून पिवळी, घंटेएवढीही नाही अशी फुलं,
सप्टेंबरात चार आठवडे,
बादलीभर तोडली तर थेंबभर तेल.
किंमत ऐकून मोजेवालीने सुई थांबवली.
घेतली.

गाडीत उघडली.
जर्दाळू. चहाची कोरडी पत्ती. आणखी काहीतरी
पिवळं, पण उजेडासारखं नाही, सावलीतलं पिवळं.
पुन्हा हुंगली: काही नाही.
पुन्हा: काच.
नव्वद डॉलरचं पाणी विकलं बाईने!

महिन्याने भांडायलाच गेले.
थर्झा हसली. "नाक थकतं त्याला. बाहेर जाऊन ये."
बाहेर पायांच्या गाडीशी उभी राहिले,
तळलेला कांदा, डिझेल, कुणाचं तरी बाळ.
परत आले, तर सगळं जागेवर.
दोन श्वास. गेलं.

"दिवसभर हे येणंजाणं तुला कसं सोसतं?"
"मला येतच नाही," थर्झा म्हणाली.
"जन्मापासून. बाकी सगळं येतं, हे एवढं नाही.
बहिणीला यायचं. ती करायची, मी बुचं लावायचे.
विनिफ्रेड गेली, त्याला आता सहा वर्षं."

"मग तू करतेस कसं?"
"चेहरे बघून."
आणि तिने एक कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरली,
कोरी, नाव नसलेली,
आणि रोखून बघत राहिली.
मी तोंड मख्ख ठेवायचा प्रयत्न केला.
जमलं नाही.

"सांग ना," तिने वही उघडली. "कसा आहे?"
जर्दाळू, म्हटलं. सगळे हेच म्हणतात, म्हणाली.
पिवळा, म्हटलं. तिने पेन टेकवलंही नाही.
जॅमवाला बरण्या खोक्यात भरत होता.

मग म्हटलं, समज,
तू सगळं आवरून जिना उतरतेयस,
मागून कुणी हाक मारली, तुझ्या घरातल्या नावाने.
वळलीस. जिना रिकामा.
पण आवाज कुणाचा, ते तुला कळलंय.

थर्झा बराच वेळ काही बोलली नाही.
मग ते लिहून घेतलं, मुंग्यांच्या अक्षरात,
आणि वरचं 'जर्दाळू' खोडलं.