डाख

हमरियाच्या शेडमध्ये, तीन नंबरच्या ओव्हनपाशी
मी खोट्या चिपा मोजतो.
दिसायला अगदी खऱ्या : काळं अंग, पाठीवर नंबर,
पोटाखाली कथलाचे दोनशे छप्पन्न मणी.
आत मात्र काही नाही. ना गणित, ना आठवण.
फक्त एक तार,
या मण्यातून वर, त्या मण्यातून खाली,
बोर्डात बुडी, पुन्हा वर,
गोधडीला धावदोरा घालावा तशी.

रोवेना विचारते, यांना पगार किती?
मी म्हणतो, राहायची सोय कंपनीची असेल.

मग चेंबर. उणे चाळीस, पंधरा मिनिटं.
वर सव्वाशे, पंधरा मिनिटं.
परत उणे चाळीस.
अशा हजार फेऱ्या.
तेवढ्यात ईद येऊन जाते,
खोलीतल्या बिजूची दाढ दुखून राहते.
चहाला बाहेर पडलो
की चष्मा पांढरा होतो
आणि शारजाचं आभाळ काही वेळ दिसतच नाही.

आप्पा रोह्याला तांबटकाम करायचे.
फुटक्या हंड्याला डाख दिला
की नवसागराचा धूर डोळ्यांतून पुसत
काठोकाठ पाणी भरायचे,
खाली कालचा पेपर पसरून झोपायला जायचे.
सकाळी पेपर कोरडा, तर हंडा गिऱ्हाइकाचा.
ओला, तर एक शिवी. स्वतःलाच.

फेरी सातशे त्रेचाळीस.
रात्री दोनला स्क्रीनवरची सरळ रेघ
जरा वर सरकली, खाली आली, पुन्हा वर.
तापली की तुटते, निवली की लागते.
सकाळी लाल शाई सोडली, सुकू दिली,
मग चिप उपटली.
दोनशे पंचावन्न मणी स्वच्छ.
एकाच्या तळाशी, भिंगाखाली, लाल कोर.

कोपऱ्यातला.
बहुतेक वेळा कोपऱ्यातलाच असतो.
मधल्यांना ताण कळतही नाही.
मध्यापासून जो सगळ्यात लांब
त्याला बोर्ड एकीकडे ओढतो, चिप दुसरीकडे.

थॉमसकुट्टी साहेब खूश : खोट्यावर कळलं ते बरं झालं.

शुक्रवारी फोनवर आप्पांना सांगितलं.
आता त्यांना दिसत नाही फारसं, ऐकतात मात्र नीट.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
अरे, कडेला कथील सढळ हातानं सोडायचं असतं.
एवढी फी भरली, हे नाही शिकवलं?

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तेच बोललो, इंग्रजीत.
साहेबांनी लिहून घेतलं.