आतला थर

कोपरखैरण्यात, सेक्टर सहाला,
माथाडींच्या घरांची एक ओळ आहे,
एका खोलीवर दुसरी, दुसरीवर पत्रा.
जिना इतका अरुंद की आधी गाठोडं, मग आपण.
वर टाकीच्या सावलीत
कोंडाबाई शेलार वाकळ अंथरून बसलेली.
चार कोपऱ्यांवर चार लोखंडी वजनं, पाच-पाच किलोची,
कांदा-बटाटा मार्केटात काटे बदलले तेव्हा
नवऱ्याने घरी आणलेली.
"जल्मभर दुसऱ्याची वजनं उचलली,
म्हनला, ही आपली."

गाठोडं सोडलं की ती आधी विचारते, कुनाचं?
माप नंतर. पैसे त्याच्याही नंतर.
आईची इरकल: डोक्याकडं.
मावशीचं पोपटी पातळ, पदरावर आमटीचा डाग:
डाग वर येऊ दे, वळख ऱ्हाती.
माझा शाळेचा निळा पिनाफोर
तिने दातांत धरला आणि टर्रकन फाडला.
पायाकडं.

मग तो कुर्ता.
विटकरी, कोपरावर विरलेला.
कुनाचा?
कुणाचा नाही, मी म्हटलं.
तिने तो उन्हात धरला, उलटून पाहिला,
माझ्याकडे एकदाच.
"आत ऱ्हाऊ दे. दिसनार न्हाय.
ऊब द्याला त्येचं काय जातंय."

टाका काठाकडून आत येतो.
धावदोरा, पेराहून लहान,
चौकोनात चौकोन,
पायरी पायरीने विहिरीत उतरावं तसा.
त्रिकोण सरळ जोडले तर डोंगर,
तोंडाला तोंड लावून जोडले तर डबी.
विचारलं तर नावं सांगते, एरवी नाही.
गच्चीवरून सेक्टर दिसत होते, फूटपट्टीने आखलेले.
मी म्हटलं, हे शहरसुद्धा वाकळच की, कोंडाबाई.
ती हसली नाही.
"ह्येच्यात कुनाचं जुनं कापड हाय?"
आणि सुई माझ्या हातात दिली, दोरा ओवायला.

शेवटी मधोमध टीचभर जागा उरते.
तिथे ती घडी घातलेली एक चिंधी ठेवते. घास.
"उपाशी वाकळ कुनाला द्याची न्हाय,
रातचं मानसाला खाती."
बाराशे घेतले. दोऱ्याचे चाळीस वेगळे.
वर कागदाच्या पुडीत
काढलेली बटणं, हुक, एक सेफ्टी पिन,
सगळं परत.

आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले नऊ-दहा दिवस,
तीही पहाटेची,
खाडीच्या चिखलाचा वास घेऊन आलेली.
मी पंखा लावून पांघरते.
परवा कूस बदलताना बरगडीला काही टोचलं.
टणक, गोल.
उठून दिवा लावला, पुडी सोडली.
कुर्त्याला पाच होती.
पुडीत चार.

विसरली, की ठेवलं?
दोनदा गेले विचारायला.
एकदा जिन्याशीच थांबले,
वर वजन सरकवल्याचा आवाज येत होता,
कुणीतरी नवीन गाठोडं सोडत होतं.
दुसऱ्यांदा वर गेले
आणि उशीच्या अभ्र्यांचा भाव विचारून आले.

कात्री कपाटात, वरच्या खणात.
दोन टाके उसवले तर काम होईल.
अंधारात बोट त्याच्यावर जातं आपसूक.
कापडाआडून ते थोडं सरकतं,
एवढंसं,
आणि टाक्याला अडतं.