एका बिल्डला चाळीस विड्या

लॅपटॉप जुना. स्टुडिओ उघडला की धापा टाकतो,
म्हणून चित्रं, बटणं सगळी सोडली.
काळा पडदा, एक ओळ हुकमाची,
एंटर.
आता बसायचं.

भद्रावती पेठेत एप्रिलची दुपार.
आई सूप मांडीवर घेऊन पानं कापते.
"अयिंदा?" 
"एकोणतीस टक्के."
घड्याळ आम्ही बघतच नाही,
एका बिल्डला तिच्या चाळीस विड्या होतात.

काल एक कंस उघडाच राहिला.
लाल अक्षरं. ओळ दोनशे सहा.
ती वाकून बघत म्हणाली,
"बरंय तुझं. कुठं चुकलं ते तरी सांगतंय.
आमचा चेकर नुसती छाट काढतो,
मूठभर, न मोजता."

त्याच छाटीचा हिशेब ठेवणारं ॲप हे.

आज एकही लाल ओळ नाही.
वायर लावली, फोनवर चढवलं, उघडलं.
आजची छाट: शून्य. खाली बटण.
आईनं बोट टेकवलं.
पुन्हा टेकवलं.
पदराला पुसून, दाबून.

तीस वर्षं तंबाखू वळून घट्टे पडलेलं बोट,
काचेला कळेना.
आणि याची चूक
कुठल्याच ओळीत नाही.

मी परत काळ्या पडद्यावर.
बटण मोठं करते, आणखी मोठं.
आईनं सूप ओढलं.
एंटर.

एक.